विद्येची कणगी आणि यंत्राची चक्की

(शहागंज येथील सभेत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण)



मी खेड्यातला शाळामास्तर. मराठी अध्यापक विद्यालयात जे शिकलो त्यावर वीस वर्षे पोरे शिकविली. मोठ्या विद्वानाचे भाषण माझ्याकडून मिळणार नाही. विद्या साठवावी कशी, मांडावी कशी आणि वाटावी कशी, हा आजचा विषय. विषयाचे नाव ऐकताच मागच्या बाजूचे दोघेतिघे टोपी सावरून उठण्याच्या बेतात दिसतात. त्यांना माझी विनंती आहे, बसा. हा विषय पंडितांचा नव्हे. तुमच्या बांधाचा, तुमच्या उताऱ्याचा आणि तुमच्या पोराबाळांच्या भाकरीचा आहे.

कणगी कशी भरावी हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. धान्य वाळवावे, खडे निवडावे, कडुलिंबाचा पाला घालावा, बियाण्याचे वेगळे व खाण्याचे वेगळे ठेवावे, आणि कोणते कोठे आहे हे घरातील दोन माणसांस तरी ठाऊक असावे. एवढे केले म्हणजे दुष्काळात घर तरते. विद्येचेही तसेच आहे. ती जमविली पाहिजे, निवडली पाहिजे, जागच्या जागी लावली पाहिजे आणि वेळेस बाहेर काढता आली पाहिजे. यातले एक जरी चुकले तरी भरलेली कणगी असून उपास पडतो. आमच्या लोकांचे पिढ्यान्पिढ्या हेच झाले. विद्या नव्हती असे नाही. कणगी आमच्या घामाने भरली, पण तिचे झाकण उघडण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

आमच्या जमिनीची हकीकत पाहा. कोणाचे शेत किती, सारा किती, बाकी किती, हे सगळे कुलकर्ण्याच्या दप्तरात. दप्तर मोडीत. इकडे निजामी मुलखात वरच्या कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि पुढे उर्दूत. शेतकऱ्याची बोली मराठी, आणि सही म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. आपल्याच रानाविषयी कागदावर काय लिहिले आहे हे समजून घेण्यास त्याला तीन दारांतून जावे लागे, आणि प्रत्येक दारी काहीतरी ठेवावे लागे. मी येथे एका जातीस शिव्या देण्यास उभा नाही. चांगले कुलकर्णीही होऊन गेले. दोष आहे तो किल्ली एकाच कमरेला लटकत असण्याचा. त्या कमरेवर कोणीही असो, ज्याच्या हाती एकट्याची किल्ली असते त्याला लबाडी करण्याचा मोह होतो, आणि तो अडविणारा कोणी नसतो.

याचा स्फोट कसा झाला ते इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्या लोकांनी काय मागितले? सोने नव्हे. कर्जरोखे आणि खतेपत्रे मागितली, आणि मिळाली तेथे जाळली. अडाणी म्हटलेल्या त्या माणसांस एक गोष्ट पक्की उमगली होती की आपली मान तलवारीखाली नसून कागदाखाली आहे. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा अशी तजवीज ठेविली. कागद जाळून जे साधले नाही ते कागद चारचौघांसमोर आणल्याने काही अंशी साधले. हा धडा मनात ठेवा, कारण आपल्याला पुढे त्याकडेच यावयाचे आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे कैफियत दिली. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुले, हे त्यांनी तेथे स्पष्ट मांडले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१८ साली कुलकर्णी वतने मोडून पगारी तलाठी नेमले. या दोन हुकुमांचा संबंध लक्षात घ्या. एका हाताने त्यांनी मुलाला वाचावयास शिकविले, आणि दुसऱ्या हाताने दप्तर एका घराण्याच्या माळ्यावरून खाली आणले. नुसते वाचता येऊन भागत नाही, वाचावयाचा कागदही हाताशी यावा लागतो.

तिसरे नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेला हा मुलगा राजा झाला, तेव्हा त्याने विद्येच्या कोठाराचाही विचार केला. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलाविला आणि राज्यभर वाचनालयांची व्यवस्था लाविली. जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवीत. गावाने पेटी वाचावी, परत करावी आणि दुसरी मागवावी. पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवले तर वाळवीच्या उपयोगी पडते. ते फिरले तर माणसांच्या उपयोगी पडते.

आता कारागीर मंडळींकडे वळतो. त्यांना वाटत असेल की हे सारे शेतकऱ्यांचे आहे. याच शहरात हिमरू विणणारे हात होते आणि अजून थोडे आहेत. जुन्या मागावर वरच्या अंगाला दोऱ्यांचे एक जाळे बांधलेले असे. कोणत्या वेळी कोणता दोरा ओढावयाचा, यातच सबंध नक्षी साठविलेली. माग विणणारा खाली, दोरे ओढणारा वर. ती नक्षी पुस्तकात नव्हती, दोऱ्यांच्या गाठींत होती. आता पुढची गंमत ऐका. फ्रान्स देशात लियों शहरी जाकार नावाच्या माणसाने १८०४ साली अशी युक्ती काढली की दोरे ओढण्याचे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी करावे. भोक असेल तर दोरा उचलतो, नसेल तर उचलत नाही. अमेरिकेत हॉलेरिथ नावाच्या इंजिनियराने भोकांचीच कार्डे १८९० च्या खानेसुमारीत माणसे मोजण्यास वापरली, आणि त्याचा धंदा पुढे आयबीएम या संगणकाच्या मोठ्या कंपनीत मिसळला. म्हणजे ज्या यंत्राला आज लोक देव मानू लागले त्याच्या पूर्वजांत एक विणकराचा मागही आहे. विणकराने लाजण्याचे कारण नाही.

परंतु अभिमानाबरोबर एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. नक्षी जोवर आपल्या जाळ्यात होती तोवर गिऱ्हाइकाला आपल्या दारी यावे लागे. नक्षी पुठ्ठ्यावर गेली, मग यंत्रात गेली, आणि ज्याच्या हाती यंत्र तो ती हजारो वार छापू लागला. आमच्या कारागिराने आपले ज्ञान लिहून ठेविले नाही, कारण लिहिले तर दुसरा चोरील अशी भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पण झाले काय? चोरणाऱ्याने कापड उसवून नक्षी चोरलीच, आणि आपला मुलगा मात्र तिला मुकला. बापाच्या हातात जे होते ते बापाबरोबर गेले. आज हिमरूचे माग बोटांवर मोजावे लागतात.

बायांच्या विद्येविषयी तर कोणी विचारीतच नव्हते. पहाटे जात्यावर बसून आमच्या आयांनी ज्या ओव्या म्हटल्या, त्यांत सासर, माहेर, दुष्काळ, बाळंतपण, पांडुरंग आणि भीमराव सगळे आले. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी थांबली. तेव्हा गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या सोबत्यांसह खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. विषयवार लाविल्या आणि संगणकात घातल्या. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला ही वाटते की ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली तेही त्यांनी लिहिले. हिमरूच्या नक्षीखाली विणणाराचे नाव राहिले नाही. ओवीखाली म्हणणारीचे नाव राहिले. यंत्रात विद्या घालावयाची तर अशी घालावी.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे वडील कोरडवाहू शेतकरी, शिक्षण चौथीपर्यंत. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात घालण्याचे काम चालू होते तेव्हाची हकीकत आहे. आमच्या रानाचे क्षेत्र १ हेक्टर १२ आर. टाइप करणाऱ्याच्या हातून ते १ हेक्टर ०२ आर असे झाले. एका आकड्याच्या चुकीने दहा गुंठे, म्हणजे पाव एकर रान, नाहीसे झाले. रान जागेवर होते, बांध जागेवर होता, बाभळ जागेवर होती. फक्त कागदात जमीन नव्हती. चार वर्षे कोणी पाहिले नाही. पीककर्जाला गेलो तेव्हा कळले. एका कचेरीत विचारले, ते म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये असेच आहे." दुसऱ्या मेजावर विचारले, तेथेही तेच उत्तर.

मंडळी, ते शब्द ऐकून मला आजोबांची आठवण झाली. आजोबा सांगत की आपण काही विचारले तर भटजी म्हणे, "पोथीत असेच आहे." पोथी आपल्याला वाचता येत नसे, म्हणून तोंड मिटावे लागे. पोथी गेली आणि तिच्या पाटावर संगणक येऊन बसला. यंत्राची पूजा करावयाची नाही आणि यंत्राला दगडही मारावयाचा नाही. त्याला विचारावयाचे: तुझ्यात हे कोणी घातले, केव्हा घातले आणि कशावरून घातले?

आमचे काम कशाने झाले ते ऐका. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत एक जुना, हाताने लिहिलेला उतारा फडक्यात बांधून ठेवलेला होता. त्यावर फेरफाराचा नंबर होता. त्या नंबरावरून जुन्या नोंदवहीतले पान सापडले, तहसीलदारांकडे लेखनदोष दुरुस्तीचा अर्ज केला आणि पाच महिन्यांनी दहा गुंठे परत आले. शेजारच्या म्हाताऱ्याचीही अशीच चूक झाली होती. त्याच्या घरी कागद नव्हता. घर गळके होते, कागद भिजून गेला. त्याला दोन वर्षे हेलपाटे पडले, आणि एक बैल त्यातच विकावा लागला. मी आज येथे बोलावयास उभा आहे तो त्या बैलामुळे.

यावरून सातबाऱ्याची रचना समजून घ्या. नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे तीत पीक कोणते, नमुना आठ अ म्हणजे तुमच्या खात्यावर एकंदर काय, आणि नमुना सहा म्हणजे फेरफार, बदल कशाने झाला त्याची नोंद. गट नंबर, खाते नंबर आणि फेरफार नंबर या तीन किल्ल्या आहेत. एक हरवली तर दुसरीने दार उघडते. नवी फेरफाराची नोंद झाली म्हणजे ती चावडीवर लावावी, संबंधितांस नोटीस द्यावी आणि पंधरा दिवसांत हरकत घेण्यास वाव ठेवावा असा नियम आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात असेही आहे की अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची. म्हणजे चुकीची नोंदसुद्धा तुम्ही गप्प राहिलात तर खरी म्हणून चालते. तुमच्या मौनाचा अर्थ कायदा होकार असा करतो.

संगणकातल्या अशा चुका पुष्कळ ठिकाणी झाल्या. म्हणून २०१७ साली सरकारने चावडी वाचनाची मोहीम काढली. गावाने जमावे, सातबारे मोठ्याने वाचावे आणि चूक असेल त्याने उठून सांगावे. मला ही गोष्ट फार आवडली. यंत्राने साठविलेले गावाने कानांनी तपासले. मात्र जेथे लोक जमलेच नाहीत तेथे वाचन रिकाम्या चावडीला ऐकू गेले. पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घालावा. जो बारा नंबर पूर्वी दुसऱ्याने भरावयाचा तो आता आपल्या हाती आला. तो आपण चहावाल्याच्या पोराकडून भरवून घेऊ लागलो, तर किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या कमरेला गेली म्हणावयाचे.

मोडीचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. २०२३ साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. त्या वादात मी येथे शिरत नाही. इतकेच दाखवितो की कागद होते, वर्षानुवर्षे रुमालात बांधलेले होते, आणि ते वाचण्यास मोडी, उर्दू व फारसी जाणणारी माणसे शोधून आणावी लागली. आमच्याच पणज्यांची नावे, आमच्याच गावांची नावे, आणि आम्ही त्यापुढे आंधळे. लिपी मेली की कागद जिवंत असून मुका होतो.

आता नव्या बोलणाऱ्या यंत्राविषयी. तुमच्या पोरांच्या मोबाइलमध्ये हे आले आहे. प्रश्न विचारला की गोड मराठीत उत्तर देते. ते कसे चालते हे पाणचक्कीवरून सांगतो. आपल्या शहरातली पाणचक्की सर्वांनी पाहिली आहे. दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून वरून पाडले, त्या जोराने चक्की फिरली आणि दळण निघाले. चक्कीला ज्वारी आणि गहू यांतला भेद कळत नाही. खडे टाकले तर तेही ती दळते, आणि पीठ पांढरेच दिसते. खडा आहे हे कळते ते दाताखाली आल्यावर. या बोलक्या यंत्रात जगभरचे लिहिलेले ओतले आहे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो याचा अदमास बांधून ते उत्तर दळते. ज्यांनी पुष्कळ लिहिले त्यांचे दळण पुष्कळ. इंग्रजीचे डोंगर, मराठीची ओंजळ, आणि त्या ओंजळीत आपल्या खेड्याची चिमूट.

मी एकदा त्याला आमच्या भागातल्या पाभरीच्या पेरणीविषयी विचारले. उत्तर असे ठसक्यात आले की शहरचा माणूस मान डोलावील. वडिलांना वाचून दाखविले तर ते हसून म्हणाले, "हा गडी कधी काकरीवर उभा राहिला नाही." खरे आहे. काकरीवर जे उभे राहिले त्यांनी लिहिले नाही, मग त्या यंत्राने शिकावे कोणाकडून? आज ही हसण्याची गोष्ट आहे. उद्या विमा, कर्ज आणि खताचा सल्ला त्याच चक्कीतून निघू लागला, तर खडा आमच्याच दाताखाली येईल.

कोणी म्हणेल, मास्तर, आम्ही काय लिहिणार? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांस शाळा मिळाली नाही. त्यांनी गावठी बियाणे जमविले, जातवार मडक्यांत व डब्यांत ठेविले, कोणते केव्हा पेरावयाचे हे ध्यानात ठेविले आणि इतर बायांस वाटले. २०२० सालची पद्मश्री त्यांस मिळाली. साठविणे, मांडणे आणि वाटणे या तिन्ही गोष्टी त्यांनी पाटीपेन्सिलीवाचून केल्या. मग ज्यांच्या घरी दहावी झालेला पोरगा आहे त्यांना सबब कोणती?

आता नुसते बोलून जाणार नाही, कामे सांगतो. पहिले, प्रत्येक घरात एक जाड वही करा. गट नंबर, खाते नंबर, फेरफार नंबर, कर्जाची तारीख आणि पावती नंबर तीत लिहा. वही देव्हाऱ्याजवळ ठेवा, पण ती कोठे आहे हे घरधनिणीलाही सांगा. नवरा गेल्यावर कागद कोठे हे ठाऊक नसल्याने किती बाया नाडल्या गेल्या हे तुम्ही पाहिले आहे. दुसरे, दरसाल पाडव्याला सातबारा काढून घरात मोठ्याने वाचा. बहिणीचे, आईचे नाव त्यात आहे की नाही हेही त्याच वेळी पाहा. तिसरे, शाळेतल्या मुलांनी सुटीत आजीआजोबांजवळ बसून बियाणे, औषधी पाला, अवजारांचे भाग आणि ओव्या लिहून घ्याव्या. सांगणाराचे नाव, गाव व तारीख घातल्यावाचून पान पुरे समजू नये. कारागिरांनी आपली नक्षी आपल्या नावासह कागदावर उतरवावी. चौथे, गावात दोन तरुणांनी मोडी आणि एकदोघांनी उर्दू शिकावी. आमच्या मुसलमान बंधूंनी त्यात हात द्यावा, म्हणजे जुने दप्तर उघडेल आणि शेजारधर्मही वाढेल. पाचवे, यंत्राला खुशाल विचारा, पण त्याचे उत्तर निवडल्यावाचून गिळू नका. धान्य निवडणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही.

सभा संपवून बाहेर पडाल तेव्हा शहागंजचे घड्याळ पाहा. एके काळी घड्याळ मोठ्या माणसाच्या खिशात असे, आणि वेळ विचारण्यास हात जोडावे लागत. मनोऱ्यावरचे घड्याळ हमाल, भाजीवाली आणि सावकार या सगळ्यांस एकच वेळ सांगते. मात्र तेही कित्येक वर्षे बंद पडून होते, आणि बंद घड्याळाखालून आपण रोज जात होतो. विद्या चौकात आणली तरी काम संपत नाही. ती चालू आहे का, आणि बरोबर वेळ दाखविते का, हे मान वर करून पाहणारी माणसे लागतात. ती माणसे आपण व्हावे एवढेच माझे सांगणे आहे.

आज घरी गेल्यावर पत्र्याची पेटी उघडा. कागद भिजले असतील तर उन्हात घाला. ज्याला वाचता येत नसेल त्याने पुढच्या रविवारी माझ्या शाळेत कागद घेऊन यावे. मी वाचून दाखवीन, आणि वहीत कसे उतरवावयाचे तेही शिकवीन.